काट्याचे शून्य

वणीहून राजूरला येणाऱ्या माणसाला गाव दिसण्याच्या आधी गावचे दोन रंग दिसतात. एकीकडे खाणीच्या कोळशाची काळी धूळ आणि दुसरीकडे चुनाभट्ट्यांची पांढरी धूळ. आमचे मास्तर गमतीने म्हणत की, ज्या गावाला देवानेच बुद्धिबळाचा पट करून ठेवले, त्या गावात दुसरा खेळ रुजणार तरी कसा! वास्तविक राजुरात कबड्डी आणि क्रिकेटही रंगतात. पण संध्याकाळी कॉलरीच्या वसाहतीतल्या लिंबाखाली मांडलेला आमचा पट मी पस्तीस वर्षे पाहत आलो आहे, आणि त्या पटासमोर बसलेले मास्तरही.

मी स्वतः खेळाडू नव्हे. माझी हयात कोळशाच्या काट्यावर गेली. ट्रक यायचा, काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचा, पावती फाडायची. सारे गाव मला 'काटाबाबू' म्हणूनच ओळखते. बुद्धिबळाशी माझा संबंध एवढाच की, लिंबाखाली कोण जिंकले, कोण हरले, याची नोंद मी एका वहीत ठेवीत असे. हाताला लिहिण्याची सवय, दुसरे काय! पण याच वहीने पुढे एका भांडणात साक्ष दिली, आणि त्या भांडणापायी मला या खेळाच्या इतिहासात डोकवावे लागले. ती हकिगत आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

२०२४ सालची होळी. माझी नात नागपूरहून आली होती. वय वर्षे बारा. ती स्पर्धांतून खेळते आणि तिला जागतिक महासंघाचे रेटिंग आहे. त्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत ते ११८० होते. आमच्या मास्तरांचे १७२०. नोकरीच्या काळात नागपूर-अमरावतीच्या स्पर्धा खेळून त्यांनी ते मिळवलेले आणि जपलेले. पोरीने आल्या आल्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाली, "आजोबा, माझे रेटिंग १५०८ झाले!"

"अरे वा! कोणती स्पर्धा जिंकलीस?"

"कोणतीच नाही," ती खाली बघत म्हणाली. "एक तारखेला सगळ्यांचेच वाढवले. मी नुसती झोपून उठले."

मास्तर तिथेच होते. त्यांचेही १७२० चे १८३२ झाले होते. पण ते खूश नव्हते. "ही खिरापत आहे, काटाबाबू," ते म्हणाले. "मला ११२ आणि हिला ३२८! चाळीस वर्षे मी एकेक गुण घाम गाळून मिळवला. फुकट दिलेल्या गुणाला काय अर्थ?"

पोरीचे तोंड एवढेसे झाले. वाढलेल्या आकड्याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे तिला कळेना. नागपुरात तिच्या मैत्रिणींतही तीच कुजबुज होती म्हणे. मला वाटले, प्रश्न लहान पोरीचा असला तरी लहान नाही. एखाद्याचा आकडा न खेळता वाढवला, तर ती मेहेरबानी की न्याय? काट्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

हा आकडा आला कोठून, हे आधी पाहू.

आर्पाद एलो नावाचे एक गृहस्थ १९०३ साली हंगेरीत जन्मले आणि लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत गेले. मिलवॉकी शहरातल्या मार्क्वेट विद्यापीठात ते पदार्थविज्ञान शिकवीत; शिवाय विस्कॉन्सिन राज्याचे बुद्धिबळ अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा मिळवले होते. अमेरिकन महासंघाकडे खेळाडूंची प्रतवारी करण्याची केनेथ हार्कनेस यांची एक रीत १९५० पासून होती; पण तिच्यात कधीकधी विपरीत घडे. एलो यांनी संख्याशास्त्राच्या पायावर नवी रीत बांधली. १९६० साली अमेरिकन महासंघाने आणि १९७० साली फिडे या जागतिक महासंघाने ती स्वीकारली.

रीत मुळात साधी आहे. दोघांच्या आकड्यांत फरक नसेल, तर दोघांकडून निम्म्या-निम्म्या गुणांची अपेक्षा. शंभरांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत. दोनशेंचा असेल तर ७६. चारशेंचा असेल तर ९२. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलेत तर तुमचा आकडा चढतो, कमी मिळवलेत तर उतरतो. किराण्याच्या दुकानातली उधारीची वहीच म्हणा ना! देणे-घेणे रोज चालते आणि महिन्याच्या शेवटी नवी बाकी निघते.

पण या काट्याला एक मोठी उणीव आहे, आणि ती माझ्या धंद्यातल्या माणसाच्या चटकन लक्षात येते. आमचा काटा तपासायला वजन-मापे खात्याचा निरीक्षक शिक्का मारलेली वजने घेऊन येई. विसाचे वजन ठेवले की काट्याने वीस दाखवलेच पाहिजेत. त्याशिवाय मी रोज सकाळी एक ठरावीक रिकामी गाडी काट्यावर चढवून पाही. का? काट्याच्या तक्त्यावर आणि खालच्या खड्ड्यात कोळशाचा चुरा साचतो. एका दिवसात तो कळतही नाही. पण महिनाभर झाडलोट झाली नाही, तर रिकामा काटाही वजन दाखवू लागतो. लबाडी कोणीच केलेली नसते. कोणी खोटा आकडा लिहिलेला नसतो. तरी प्रत्येक पावती थोडीथोडी खोटी असते.

बुद्धिबळात असे शिक्क्याचे वजन नाही. पंधराशे म्हणजे अमुक इतकी ताकद, असे कोठेही दगडावर कोरलेले नाही. माझा आकडा तुमच्या आकड्यावर टेकलेला आणि तुमचा तिसऱ्याच्या आकड्यावर. सगळी होडकी एकमेकांना बांधलेली, पण किनाऱ्याला एकही नाही. मग सगळीच्या सगळी हळूहळू वाहत गेली, तर होडीतल्या माणसाला कळावे कसे? आपली मकरसंक्रांतच पाहा ना. १८६३ साली विवेकानंद जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता आणि तारीख होती १२ जानेवारी. आज आपण तीळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. कोणत्याही एका पिढीला संक्रांत सरकल्यासारखी वाटली नाही. पण ती सरकली आहे.

रेटिंगचे आकडे दोन्ही दिशांना वाहू शकतात. आधी वर चढण्याची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा एक कैदी होता. तो शेकडो डाव खेळला, पण जवळजवळ सगळे इतर कैद्यांशीच. नवे कैदी यायचे, त्यांना रेटिंग मिळायचे, आणि त्यांचे गुण हळूहळू या एकाच्या खात्यात जमा व्हायचे. असे करता करता १९९६ साली अमेरिकन महासंघाच्या यादीत त्याचा आकडा २७०२ झाला आणि तो देशात दुसरा ठरला! बाहेरचे पाणी ज्या तळ्यात येत नाही, त्या तळ्यातली काठी पाण्याची खरी पातळी सांगत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस म्यानमारमधल्या अनेक खेळाडूंचे आकडे असेच जागतिक यादीत भलते वर गेले होते; तेही बहुतांशी आपसात खेळून.

बंद तळ्याची दुसरी गोष्ट स्त्रियांची आहे, आणि तिच्यातला पहिला धागा आपल्या महाराष्ट्राचा आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली वर्षे गाजवली. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली प्रथम भरली, ती वासंतीबाईंनी जिंकली. १९७६ साली रोहिणीबाई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यावरून मोठा गदारोळ झाला. अखेर फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्णय दिला की, अशा स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. दोन तळ्यांमधला बांध असा एका मराठी मुलीने फोडला. पण जगभर बहुतेक स्त्रिया स्त्रियांशीच खेळत राहिल्या आणि त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशी ताडून पाहणे अवघड झाले. फिडेला वाटले की, ते मूळ ताकदीपेक्षा खाली राहिले आहेत. म्हणून जानेवारी १९८७ च्या यादीत स्त्री खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून देण्यात आले. अपवाद फक्त एक, हंगेरीची झुझा पोल्गार. ती बहुतेक पुरुषांशीच खेळत आली होती, तेव्हा तिचा आकडा बरोबरच आहे, असा हिशेब. परिणाम असा की, स्त्रियांच्या यादीत पहिल्या जागी असलेली पोल्गार त्या एका दिवसात पहिल्या जागेवरून खाली आली.

या दुरुस्तीवर पुढे पुष्कळ टीका झाली. मला तिच्यातली खोच काट्याच्या भाषेत दिसते. सगळ्या पावत्यांत सारखाच आकडा मिळवला, तर काट्याचे शून्य हलते. पण काटा कोठे कमी दाखवतो आणि कोठे जास्त, याची तपासणी त्यात होत नाही. दुरुस्ती करायची तर दोष किती आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या भागात किती आहे, हे मोजावे लागते.

आता खाली उतरण्याची गोष्ट. आमचे भांडण याच गोष्टीतले.

फिडेच्या यादीत पूर्वी २२०० च्या वरच्या पुरुषांनाच जागा असे. ही उंबरठ्याची पायरी हळूहळू खाली येत २०१२ सालापर्यंत १००० वर आली. हेतू चांगला होता. लहान गावातल्या पोरांनाही आकडा मिळावा. मुले हजार-अकराशेवर यादीत येऊ लागली. पण मूल म्हणजे बांबूचा कोंब. आज अकराशेचे असलेले पोर सहा महिन्यांत पंधराशेचे खेळते, आणि आकडा मात्र मागून रखडत येतो. मधल्या काळात ते मास्तरांसारख्या अनुभवी माणसाला हरवते. मास्तर काही कच्चे झालेले नसतात. तरी त्यांचे गुण जातात, कारण कागदावर ते एका अकराशेच्या पोराकडून हरलेले असतात. असे हजारो मास्तर आणि लाखो पोरे धरा. तळ्याची पातळी सगळीकडून उतरू लागते, आणि सगळ्यांत खाली असलेल्यांची सगळ्यांत जास्त.

यावर एक उपाय २०१४ पासून होता. अठरा वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी असलेल्या मुलांचा आकडा दुप्पट वेगाने हलवायचा. चारशेंनी वरच्या मास्तरांना पोराने हरवले, तर पोराला सुमारे ३७ गुण मिळतात आणि मास्तरांचे सुमारे १८ च जातात. म्हणजे थोडे नवे पाणी तळ्यात पडते. पण ते पुरले नाही. त्यात २०२० आणि २०२१ ची करोनाची वर्षे आली. स्पर्धा बंद, पोरे घरात, आणि घरात संगणकावर रात्रंदिवस डाव. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आकडे जुनेच होते आणि पोरे नवीच झाली होती. आपल्या भारतीय मुलांशी खेळताना परदेशी खेळाडू धास्तावतात ते उगीच नव्हे. आमच्या नागपूरकडेच बघा. रौनक साधवानी २०१९ साली तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ साली झाला, आणि दिव्या देशमुखने तर २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरी कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ज्या शहरात अशी मुले निपजतात, तिथल्या स्पर्धेत सातव्या पटावर बसलेले अकराशेचे पोर नुसते अकराशेचे असेल, यावर कोण भरवसा ठेवील?

पण आकडे वाहिले आहेत हे ठरवायचे कसे? किनारा तर नाही! येथे जेफ सोनास नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडले. त्याने तराजूलाच तराजूच्या साक्षीला बोलावले. एलोच्या कोष्टकाप्रमाणे इतक्या फरकाला इतके गुण पडायला हवेत. मग प्रत्यक्षात किती पडले? दोन हजारांच्या वर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बरा बसत होता. दोन हजारांच्या खाली मात्र कमी आकड्याचे खेळाडू कोष्टकापेक्षा पुष्कळ अधिक गुण घेत होते. याचा अर्थ उघड होता. खालच्या भागातले आकडे रबर ताणावे तसे ताणले गेले होते.

म्हणून फिडेने आपल्या शंभराव्या वर्षी, १ मार्च २०२४ रोजी, रबर आवळले. नियम एका ओळीचा आहे. तुमचा आकडा २००० पेक्षा जितका कमी, त्याच्या दहांत चार हिस्से तुमच्यात मिळवायचे. हजारवाल्याला ४०० मिळाले, पंधराशेवाल्याला २००, अठराशेवाल्याला ८०, आणि दोन हजारवाल्याला काहीच नाही. शिवाय गळती पुन्हा सुरू होऊ नये म्हणून उंबरठा १००० वरून १४०० वर नेला. आणि नव्याने येणाऱ्याचा पहिला आकडा काढताना १८०० च्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी त्याने बरोबरी केली असे धरायचे, म्हणजे कोणी उगीच खोल खड्ड्यातून सुरुवात करणार नाही. तात्पर्य, तळे भरले आणि भोकही बुजवले.

हे सारे मी वाचून काढले आणि मास्तरांना सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "काटाबाबू, जगाचे गणित जगापाशी. माझी आणि या पोरीची ताकद माझ्यापाशी. आमच्यात आधी ५४० चा फरक होता. आता ३२४ चा झाला. एवढ्याशा पोरीला माझ्या इतके जवळ कोणी आणून बसवले?"

तेव्हा मला वही आठवली.

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि त्याच सालच्या दिवाळीत मास्तर आणि माझी नात लिंबाखाली घड्याळ लावून खेळले होते. मी घरातून वही आणली आणि पाने उलटली. एकूण डाव वीस. मास्तरांचे विजय सोळा, पोरीचे दोन, बरोबरी दोन. म्हणजे पोरीचे गुण तीन.

मी वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. फरक ५४० चा असेल, तर कोष्टक म्हणते शंभरात तीन गुण. वीस डावांत एकसुद्धा पुरता नाही. फरक ३२४ चा असेल, तर शंभरात तेरा. वीस डावांत अडीचच्या थोडे वर. मिळाले तीन. वीस डाव म्हणजे काही फार मोठी कसोटी नव्हे, हे मला ठाऊक आहे. एका गाडीवरून काटा पारखू नये. पण ही वही लिहिली तेव्हा फिडे काय करणार आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. साक्षीदार तरी निःपक्षपाती होता.

मास्तरांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचले. पोर माझ्यामागे उभी होती. मग मास्तर, जरा वेळाने, तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुला कोणी काही दिले नाही. तुझे होते ते तुला उशिरा मिळाले." आणि लगेच, आवाज चढवून, "पण सोळा डाव मीच जिंकलोय, ते विसरू नको!"

"नाही विसरणार, मास्तर आजोबा," ती म्हणाली, आणि त्या होळीत ती पहिल्यांदा मोकळी हसली.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. एक गोष्ट मनात राहून राहून येत होती. काट्याचे शून्य सरकले म्हणून ज्या पावत्या आधीच चुकल्या, त्या कोणी दुरुस्त करीत नाही. दुरुस्ती पुढच्या गाडीपासून सुरू होते. आकडा खाली आहे म्हणून मधल्या वर्षांत कितीतरी मुलांना चांगल्या गटात जागा मिळाली नसेल, आणि कितीतरी मास्तरांना वाटले असेल की, आपले वय झाले, बुद्धी मंदावली, आता पट आवरावा. वास्तविक त्यांचे काहीच गेले नव्हते. फक्त मोजणारी काठी सरकली होती. आमच्या मास्तरांनीही २०२२ साली स्पर्धा खेळणे सोडून दिले होते. मी कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "आकडा उतरतोय." मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही. काट्यावरचा माणूस असून मला सुचले नाही की, माणसाआधी काटा तपासावा.

आकडा खोटा नसतो; पण तो म्हातारा होतो. त्याला अधूनमधून रिकाम्या गाडीपुढे उभे करावे लागते. परीक्षेचे गुण, जुने पगार, जन्मपत्रिका, गावातली पत, या सगळ्यांना हे लागू आहे की काय, ते वाचकांनी आपापल्या घरी ठरवावे. माझा अधिकार कोळशापुरता.

असो. मास्तरांनी पुढच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका खुल्या स्पर्धेत पुन्हा नाव घातले. पाच डाव हरले, तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला, आणि परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. यंदा दिवाळीला माझी नात राजूरला येणार आहे. मास्तरांनी घड्याळाला नवे सेल आणून ठेवले आहेत. जुनी वही भरत आली; नवी मी वणीच्या बाजारातून आणली आहे, आणि पहिल्या पानावर तारीख तेवढी टाकून ठेवली आहे.